खोल पेरलेलं सूर्यफूल

आगानेथा लेप्कीला आमच्या खेड्यात सगळे नेटा म्हणत. नवरा गेल्यापासून कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या सपाट काळ्या रानात ती एकटीनं शेती करायची. ट्रॅक्टर स्वतः हाकायची, कुणापुढे हात पसरायची नाही. तिचं दुखणं एकच होतं आणि ते रस्त्यापलीकडे राहत होतं. तिची धाकटी बहीण, युस्टिना.

आई लवकर गेली, म्हणून युस्टिनाला नेटानंच वाढवलं होतं. वेण्या घालून दिल्या, पाव मळायला शिकवलं. पण नाव झालं ते युस्टिनाचं. तिचा नवरा हयात, मुलं गुणी, पाव जास्त हलके. आणि तिची सूर्यफुलं अशी भरदार, की रविवारी चर्चबाहेर पुरुषमंडळी बिया फोडत तिच्याच शेताबद्दल बोलत. ते सुरू झालं की नेटा आपल्या गाडीत जाऊन बसायची.

हिवाळ्यात शेतकी अधिकारी शाळेत बियाण्यांवर बोलायला आला. युस्टिना जाणार असं कळल्यावर नेटा गेली नाही.

त्या वर्षी बर्फ कमी पडला, माती वरून कोरडीच राहिली. युस्टिनानं आपल्यातलं बियाणं आणून दिलं आणि सांगितलं, खोल पेरू नकोस, वरच पेर, पाऊस येईल. नेटानं मान डोलावली. मनात मात्र आलं, ही स्वतःचं बी खाली ओलीत घालणार आणि माझं वर वाळवणार. तिनं पेरणीयंत्र उतरेल तेवढं खाली उतरवलं.

पाऊस आला. युस्टिनाच्या शेतात डोक्यावर टरफलाची टोपी घेतलेली रोपं ओळीनं उभी राहिली. नेटाच्या शेतात काहीच नाही. खिडकीतून ते हिरवं दिसलं की ती ताटावरून उठायची. हिनं मला मेलेलं बी दिलं, असं तिनं ठरवूनच टाकलं.

एका सकाळी युस्टिनाची गाडी गावाकडे गेलेली बघून ती कुदळ घेऊन रस्ता ओलांडून गेली. आपल्या शेतात लावायला युस्टिनाची रोपं उपटून एप्रनमध्ये घालत होती, तोच मागून बहिणीचा आवाज आला. गाडीतून फक्त युस्टिनाचा नवरा गेला होता.

"आधी कॉफी प्यायला यायचं होतंस, नेटा. मग केली असतीस चोरी."

"मेलेलं बी दिलंस तू मला."

युस्टिनानं बहिणीच्या हातातली कुदळ घेतली आणि सरळ नेटाच्या शेतात गेली. जिथे खणलं तिथे बी उगवलेलं होतं. प्रत्येकाला लांब पांढरा कोंब फुटला होता, वर चढता चढता मातीतच वाकून मऊ पडला होता.

युस्टिनानं खिशातलं कोरडं बी सोलून तिला दिलं. "चाव." ते तेलकट लागलं. मग एप्रनमधल्या रोपाचं दल, ते पहिलं जाड पान, दिलं. त्यात किंचित गोडी होती. शेवटी मातीतला तो वाकलेला कोंब त्याच्या दलांसकट दिला. तो पाणचट होता, चवच नाही.

"बी उगवताना आपल्या पोटातलं तेल मोडतं," युस्टिना म्हणाली. "त्याची साखर करतं आणि तीच खात वर येतं. उजेडात आलं की पान आपलं आपण कमावतं. तोवर काय ती तेलाची शिदोरी. तू त्याला इतकं खाली घातलंस, की ती वाटेतच संपली."

"तू खोल पेरलं नाहीस?"

"सांगितलं होतं ना तुला."

दुसऱ्याच दिवशी युस्टिना नवऱ्याला घेऊन आली, उरलेलं बियाणं आणलं आणि त्यांनी शेत पुन्हा पेरून दिलं, वरवर. पीक उगवलं, पण उशिरा. फुलं भरायच्या आत थंडी पडली आणि निम्म्या बिया पोकळ निघाल्या.

गावात म्हणू लागले, बहीण होती म्हणून नेटा निभावली. पोकळ बियांपेक्षा तिला तेच जास्त लागलं. पाव घेऊन मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा ती खिडकीशी उभी राहून म्हणाली,

"एकदा तरी चुकली असती, तर मी तिच्यावर जास्त माया केली असती."

तिनं पडदा ओढला आणि कॉफी गरम करायला ठेवली.