बांगडीची निशाणी

तिचं नाव कारकुनानं दोनदा पुकारलं होतं, पण माझ्या लक्षात राहिली ती तिची उघडी मनगटं. ठाण्याच्या सेव्हिंग बँकेत ती माझ्यापुढे उभी होती. कोलशेतकडच्या मिठागरात राबणारी, टाचा मिठानं फाटलेल्या. नवऱ्याच्या तेराव्यासाठी स्वतःचेच पैसे काढायला आली होती.

लिहिता न येणारे शेतकरी तेव्हा सहीच्या जागी नांगर काढत, बायका बांगडी. खातं उघडताना तिनंही बांगडीच काढली होती.

"तीच निशाणी हवी," कारकून म्हणाला. "बदलायची तर दोन साक्षीदार आण आणि फी भर."

"बांगरी तं फुटली, रावसाहेब. आता कशी दावू?"

"नियम आहे, बाई."

असल्या नियमाला काय म्हणावं! मी साक्षीला पुढे झालो, तर म्हणे साक्षीदार तिच्या गावचाच हवा.

तिनं टाक मुठीत धरला. अक्षर गिरवावं तसा सावकाश गोल काढला, पण टोकं जुळवलीच नाहीत. कारकुनानं कागद परत सरकवला.

"पुरा कर."

तिनं गोल पुरा केला. कारकुनानं जुना कागद शेजारी धरून पाहिला.

"जुळली," म्हणाला आणि पैसे मोजू लागला.

ती मनगटं पदराखाली घेऊन उभी राहिली.