निळं पाणी आणि आमची लॅब

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी शिकवते. आमचे निष्कर्ष फायलीत जातात आणि किस्से चहाच्या टेबलावर साठतात. टेबल आता पार भरलंय!

*

आमचे हेड तेली सर यांनी ठरवलं, कपडे रंगवणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी शेतीतल्या टाकाऊ मालाने स्वच्छ करायचं. त्यांनी लॅब अटेंडंट बाबलला फर्मावलं, "गावातून नारळाच्या टाकाऊ करवंट्या आणि वरची सोडणं गोळा करून आण."

बाबल रिकाम्या हाताने परत आला.

"टाकाऊ? सर, हेच्यार आमच्या न्हाणीतला पाणी तापता! तुमी व्हरलास तर आमी न्हावचा कसा?"

प्रोजेक्टच्या पहिल्या पानावरचा 'टाकाऊ' शब्द सरांनी स्वतःच्या हाताने खोडला.

*

मग सरांना कोकम आठवलं. सरबतवाल्याकडून सालींचा चोथा आणला आणि निळ्या पाण्यात घातला. तासाभराने पाणी जांभळं!

आमची रिसर्च स्टुडंट नफीसा शांतपणे म्हणाली, "सर, निळा गेला नाही. त्याला सोबत मिळाली."

सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'रंगात लक्षणीय बदल आढळला.'

*

शेवटी करवंटीच्या कोळशाने जमलं. (करवंट्या बाबलच्याच घरच्या. तो आठवडाभर थंड पाण्याने न्हायला!) वरून निळं पाणी ओतलं की खालून नितळ यायचं. सरांचे डोळे भरून आले.

बातमीसाठी फोटोग्राफर आला. सरांनी अभिमानाने स्वच्छ पाण्याची बाटली धरली.

"सर, ही नको, साधं पाणी वाटतंय. ती निळी धरा!"

दुसऱ्या दिवशी पेपरात सर निळी बाटली घेऊन हसताना. खाली ओळ: 'प्राध्यापकांनी तयार केले निळे पाणी.'

घरोघरी फोन करून सर दोन दिवस खुलासा देत होते.

*

फोटो बघून कारखान्याचे मालक स्वतः आले. गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, रंगीत पाणी सोडतात म्हणून त्यांच्यावर तक्रारी होत्या. डेमो बघून ते खूश!

नफीसाने विचारलं, "सर, रंग उतरला, पण कपडे रंगवताना घातलेलं मीठ आणि सोडा? ते पाण्यातच आहे ना?"

"आपला विषय रंग," सर म्हणाले.

"आणि तक्रारय रंगाचीच!" मालक म्हणाले.

कारखान्यात कोळशाची दोन पिंपं बसली. महिन्याभरात व्हाळ नितळ. ग्रामपंचायतीने सरांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं, सगळं झालं. सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

व्हाळाच्या खालच्या अंगाला राहणारी पारूआजी उठली. तिच्याकडे दोन म्हशी आहेत.

"सर, पयला पाणी निळा दिसला काय समाजायचा, कारखान्याचा सुटला. त्या दिवशी मी म्हशींका व्हाळार न्हेय नसंय. आता पाणी रोजच नितळ दिसता. मगे कारखान्याचा कधी सुटला, ता माका समाजतला कसा?"

सरांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.