मामीच्या पदरातला फ्यूज

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात यंत्राशी माणसासारखी आणि माणसांशी यंत्रासारखी वागणारी एकच बाई आहे, आणि ती माझी मामी आहे. पिंपळगाव राजातल्या आमच्या महिला गटाच्या दालमिलमध्ये शिरली की ती आधी मोटरला जयभीम घालते, मग आम्हाला. बेअरिंग तापलंय का, हे लेकराचा ताप बघावा तसं उलट्या हातानं बघते. लाटण्याचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून आतली कुरकुर ऐकते. मामा खोकून खोकून बेजार झाला, तेव्हा मात्र "तेलपाणी कमी पडलं असंन" एवढंच म्हणाली.

खामगावच्या फिटरनं आम्हाला देखभाल शिकवली: साफसफाई, ग्रीस, पट्ट्याचा ताण. एवढ्यासाठी मला पत्रकं वाटावी लागली! कारण गावातल्या पुरुषांचं ठाम मत, बायकांनी दाळ निवडावी, पाना धरू नये. का धरू नये? वर "पुन्हा मिल बंद पडली तर मशीन व्यापाऱ्याला भाड्यानं देऊ" असं नवरेमंडळींनी परस्पर ठरवलं आणि घरोघरी बायकांकडून वदवूनही घेतलं. गट बायकांचा, यांना विचारलं कोणी?

अशा वेळी मामीनं काय करावं? पट्टा किंचाळत होता. जन्मभर तुरीला तेल चोळून उन्हात घालणारी बाई ती. टरफल सुटायला तेल, तसं किंचाळणं थांबायलाही तेल. तिनं वाटीभर जवसाचं तेल पट्ट्यालाच चोळलं. किंचाळणं थांबलं, आणि मिलही थांबली. मोटर फिरतेय, पट्टा जागच्या जागी घसरतोय.

फिटर धावत आला. "मामी, पट्ट्याले तेल लावते का कोनी?"

"मंग बोंबलत काऊन होता बे तो?"

"ढिल्ला झाला होता म्हनून!"

"तसं सांगाव नं मंग त्यानं."

त्यानं पट्टा पुसून ताणला, निभावलं कसंबसं; मिल बंद पडल्याची बातमी मात्र नवरेमंडळींपर्यंत गेलीच. तेव्हापासून मामी फिटरचा शब्द खाली पडू देईना. मशीनला हात लावण्याआधी फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी चुकून बटण दाबत नाही, हे त्यानं सांगितलेलं. मामी फ्यूज पदराच्या गाठीत बांधायची. एका सकाळी तिनं जाळी साफ केली, आणि गाठीसकट माहेरच्या भाचीच्या लग्नाला जानेफळला निघून गेली.

नेमका त्याच दुपारी व्यापारी आला, मामाला सोबत घेऊन. मी पत्रक हातात धरून दारातच उभी होते, भाषण तयार होतं. त्यानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मोटरला एक थाप मारली. "हे त भंगार हाय भाऊ," म्हणाला आणि गाडीत बसला. मामा गाडीमागं दोन पावलं धावला. माझं भाषण तसंच राहिलं.

संध्याकाळी परत आल्यावर मामीनं गाठ सोडली, फ्यूज बसवला, मिल धडधडायला लागली. आम्ही टाळ्या पिटल्या. ती एकटी लालबुंद. "भंगार? माह्या मोटरले भंगार म्हन्ला? अन् तू काय करून राह्यली होती व तवा? पत्रक वाचत होती?"

व्यापारी पुन्हा फिरकला नाही. त्या हंगामात नवरेमंडळी मुकाट्यानं तुरीची पोती उतरवायला यायला लागली.

आता सोनाळ्याच्या बायका मामीला शिकवायला बोलावतात. "पट्ट्याले तेल लावू नका व बायांनो," इथूनच म्हणे तिची सुरुवात होते. जाताना ती फ्यूज माझ्या ओढणीला बांधून देते. "गाठ पक्की ठेव. मी नाई आता इथं वरडाले."

ती नसली की मिल फार शहाण्यासारखी चालते. काम संपलं की मी सवयीनं बेअरिंगवर उलटा हात ठेवते. ताप नसतो. तरी हात जरा वेळ तिथंच राहतो.