शारदाकाकूंचे चार खांदे

आमच्या मंडळातल्या बायकांना मेल्यावर न्हाऊ घालायचं काम शारदाकाकूंचं होतं. कुणी नेमलं नव्हतं, ठराव-बिराव झाला नव्हता. कलकत्त्यात मराठी घरात बाई गेली की पहिला फोन काकूंना. नातेवाइकांना नंतर.

काकू लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांचे यजमान, मधुकरकाका, खिदिरपूरला कस्टममध्ये होते. पहिल्याच वर्षी हावड्याला एका बँकवाल्याची बायको गेली. सगळे बदलीवर आलेले लोक, सासर-माहेर दोन रात्रींच्या प्रवासावर. नवरा भिंतीला टेकून बसलेला आणि आमची पुरुषमंडळी दारात उभी राहून ‘आता कसं करायचं’ एवढंच म्हणत होती. काकू नवी नवरी. पदर खोचला, ‘पाणी तापवा’ म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हापासून मग तेच झालं. मंडळानं माळ्यावर बांबू, सुतळी, मडकी आणून ठेवली. कुणीही गेलं तरी चार पुरुष आणि दोन बायका तासाभरात हजर, हा आमचा रिवाज. गणपती काय, सगळीकडेच बसतो हो. परक्या गावात हक्काचे चार खांदे मिळणं, मंडळ ते ह्यासाठी.

काकू मढ्याशी बोलायच्या. माझ्या आईच्या वेळी मी दाराशी उभी राहून रडत होते आणि आतून काकूंचा आवाज, ‘अहो वहिनी, हात सैल सोडा की. आता कशाला मूठ आवळताय? काय राहिलंय त्यात?’ केसांचा गुंता सोडवताना दटावायच्यासुद्धा. त्या घरचा चहा घ्यायच्या नाहीत. आपल्या घरी जाऊन अंघोळ करायच्या आणि गुपचूप पोळ्या लाटायला बसायच्या.

मागणं एकच, तेही हसत हसत. ‘माझ्या वेळी चौघं एका उंचीचे बघा हो. ह्यांना नेलं तेव्हा एका बाजूला ताडमाड आणि दुसऱ्या बाजूला बुटके. बिचारे सबंध वाट घसरत गेले. मला कलती नेलीत तर उठून बसेन, सांगून ठेवते.’

आणि मग त्यांच्या नातवानं खून केला.

सुयश. सोळा वर्षांचा. काकूंचा मुलगा चारुदत्त आणि सून सुचित्रा यांचा एकुलता एक. बेहालाच्या त्यांच्याच गल्लीत राहणारा सायन त्याच्या वर्गात होता. फोनवरच्या कसल्याशा खेळात सुयश हरला, सायन चारचौघांत हसला, एवढंच. सुयशनं वीट उचलली. एकदा मारून थांबला असता तर म्हटलं असतं राग आला; तो थांबला नाही. मी त्याची बाजू घेत नाही. काकूंनीही घेतली नाही. ‘त्यानं केलंय, भोगू दे,’ म्हणाल्या. सायनच्या घरी त्या एकट्या गेल्या होत्या. त्याच्या आईनं दार उघडलं, यांच्याकडे बघितलं आणि दार लावलं. काकू परत आल्या. ‘बरोबर केलं तिनं,’ म्हणाल्या.

अल्पवयीन मुलाचं नाव छापायचं नाही असा कायदा आहे. म्हणून पेपरवाल्यांनी नाव सोडलं आणि घराचा फोटो छापला. त्या दिवसापासून गल्ली तुटली. दूधवाला तुटला, कामवाली तुटली. गल्लीतल्या क्लबची पोरं दारावरून जाताना थुंकायची. त्यांचा राग मला कळतो. सायन त्यांच्यात वाढलेला, त्यांच्या कॅरमवर खेळलेला. पण आमच्या मंडळाचं काय गेलं होतं? सायन कोण हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. नुसती भीती, दुसरं काय! बंगाल्यांत आपली छी-थू होईल, ऑफिसात कुणी विचारील, ‘तो मुलगा तुमच्यातलाच ना?’ झालं. मंडळाची बदनामी केली म्हणून त्या घराचं सभासदत्व रद्द करायचा ठराव आला.

ठराव मांडणारे आमचे हे. मंडळाचे सेक्रेटरी, श्रीयुत दिलीप. विरोधात हात वर करा म्हणाले तेव्हा मी हात वर केला. सबंध हॉलमध्ये मी एकटी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘एकमताने मंजूर.’

चारुदत्त गरीब माणूस. पोराच्या खटल्यात खाली मान घालून उभा राहिला, लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या त्या ऐकून घेतल्या. पण हा ठराव घरी आला आणि काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार दिवस नाहीत. काकू मुलाला म्हणाल्या, ‘चारू, मला काही नको रे. पण मी यांची इतकी मढी धुतली. मला आपल्या माणसांनी न्यायला हवं. तेवढं बघ.’ मंडळात तो तीनदा हात जोडून आला. तिन्ही वेळा ह्यांनी त्याला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. मग त्यानं दिवाणी दावा लावला: सभासदत्व परत द्या, आई आहे तोवर द्या.

अगं बाई बाई! काय काहूर उठलं! खून झाला तेव्हा लोक हळहळले होते. दावा लागला तेव्हा चवताळले. कुणी एका यूट्यूबवाल्यानं ‘खुन्याच्या घराला हवाय मान!’ म्हणून व्हिडिओ टाकला. त्याखाली पार ठाण्या-पुण्याहून लोक लिहीत होते. ‘सायनच्या आईला मुलगा परत द्या, मग म्हातारीला खांदा देऊ.’ ‘निर्लज्जम् सदा सुखी.’ ‘म्हातारी मरत का नाही अजून? दाव्यासाठी थांबलीय वाटतं.’ आमच्या मंडळाच्या ग्रुपवर रसिकानं टाकलं, ‘आज खांदा मागतायत, उद्या सत्काराची शाल मागतील.’ कुणीतरी कचऱ्याच्या गाडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘काकूंची सोय झाली.’ त्यावर हसणाऱ्या तोंडांची ही रांग! ज्यांच्या आया-सासवांना काकूंनी न्हाऊ घातलं होतं, तीच तोंडं.

काकूंनी हे सगळं सुनेच्या फोनवर वाचलं. मी जवळ बसले होते. म्हणाल्या, ‘मधुवंती, ही रसिका म्हणजे देशपांड्यांची सून ना? तिच्या सासूच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या. किडे होते ग त्यात. मी सगळं पुसून घेतलं, वर कापूस लावला, कुणाला दिसू दिलं नाही.’ एवढंच बोलल्या आणि फोन सुचित्राला परत दिला. काकूंनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगते! सगळ्यांना सांगते! मला नाही तेवढं मोठं मन.

मंडळाचा वकील कोर्टात म्हणाला, खांदा देणं हा हक्क नव्हे, ती भावना आहे. जज्जसाहेबांना ते पटलं नसावं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत सभासदाला मिळणाऱ्या सगळ्या सोयी चालू ठेवा, अंत्यविधीच्या मदतीसकट, असा हुकूम झाला. चारुदत्त कोर्टाच्या पायरीवर बसून रडला. आणि लोकांनी त्याचाही व्हिडिओ काढला, ‘जिंकल्याचा आनंद’ म्हणून.

हे घरी आले ते चिडलेले असतील असं मला वाटलं होतं. छे! शांतपणे वरणभात जेवले. म्हणाले, ‘कोर्टाचा मान राखायलाच हवा. पाळू की. अक्षर न् अक्षर पाळू.’ मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी काकू गेल्या. सुचित्राचा फोन आला. मी बायकांना फोन लावले. एकीला गुढीची तयारी होती, एकीचे पाय दुखत होते, रसिकानं उचललाच नाही. मी एकटी निघाले. हे बूट घालत होते. म्हणाले, ‘तू नको येऊस. मंडळाच्या वतीनं मी जातोय.’ मी म्हटलं, ‘तुम्ही मंडळाच्या वतीनं या. मी माझ्या वतीनं जाते,’ आणि घराची किल्ली पर्समध्ये टाकून जिना उतरले.

मी आणि सुचित्रानं काकूंना न्हाऊ घातलं. दोघींनाही येत नव्हतं. इतकी वर्षं काकू करायच्या, शिकून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. पाणी फार गरम झालं, ते निववत बसलो. केस विंचरताना वाटलं, आता हिच्याशी बोलायला हवं. सगळ्यांशी ही बोलली, हिला मुकी कशी न्यायची? पण मी आपली नुसता गुंता सोडवत राहिले. शेवटी सुचित्राच म्हणाली, ‘आई, हात सैल सोडा.’ हात सैलच होते. तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं.

सुयशला सुधारगृहातून आणलं नव्हतं. चारुदत्तनं परवानगीच मागितली नाही. ‘त्याला बघून गल्लीत दगड पडले तर आई खाली पडेल,’ म्हणाला.

मंडळाची माणसं वेळेवर आली. तिघं. आमचे हे, खजिनदार अशोकराव आणि रमेश. चौथा चारुदत्त. म्हणजे चार झाले, हिशेब चोख! बरोबर वकिलाच्या ऑफिसातला एक माणूस, गळ्यात कॅमेरा. घरात कुणी पाऊल टाकलं नाही, काकूंच्या पाया कुणी पडलं नाही. दारातच बांबू बांधले. गल्ली अरुंद, गाडी बाहेर मेट्रोच्या खांबापाशी उभी. तिथवर खांद्यावर न्यायचं. हे आणि अशोकराव दोघंही बुटके. रमेश आणि चारुदत्त उंच. बुटके दोघं पुढे आणि उंच दोघं मागे असे लागले असते तरी काही जमलं असतं. पण फोटोत ओळखू यायला हवं म्हणून हे आणि अशोकराव कॅमेऱ्याच्या बाजूला राहिले.

काकू कलत्या निघाल्या. पहिल्याच पावलाला डोकं एका बाजूला गेलं. मी ओरडले, ‘अहो, वर उचला! सावरा त्यांना!’ ह्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. गल्लीच्या मध्यावर वकिलाचा माणूस म्हणाला, ‘एक मिनिट थांबा,’ आणि हे थांबले. खांद्यावर मयत घेऊन थांबले! त्यानं समोरून फोटो काढला, बाजूनं काढला. ‘सर, चेहरा जरा इकडे,’ म्हणाला, आणि ह्यांनी चेहरा तिकडे केला. चारुदत्त मागं डोळे मिटून उभा होता आणि आईचा सगळा भार सरकून ह्यांच्या बाजूला आला होता. वरच्या गॅलऱ्यांतून लोक फोन धरून बघत होते. सायनची आई तिच्या खिडकीत होती. तिच्या हातात फोन नव्हता. काकू खालून गेल्या तेव्हा तिनं नमस्काराचा हात कपाळाला लावला आणि ती आत गेली.

गाडीशी तिरडी ठेवली. अशोकरावांनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. मी म्हटलं, ‘बसा गाडीत.’ हे म्हणाले, ‘हुकमात मदत म्हटलंय. मदत झाली.’ तिघं टॅक्सी करून गेले. चारुदत्त एकटाच आईबरोबर बसला. मी चढायला लागले तर म्हणाला, ‘ताई, तुम्ही सुचित्राजवळ थांबा. दिव्यापाशी ती एकटी आहे.’

दिव्यापाशी बसले असतानाच ग्रुपवर फोटो आला. ‘कटुता विसरून मंडळाने दिवंगत सभासदास दिला अखेरचा खांदा.’ फोटोत काकू इतक्या कलल्या होत्या की त्यांचा पांढरा केस न् केस दिसत होता. सुचित्रानं बघू नये म्हणून मी फोन पदराखाली घेतला, तर तिचा वाजला. तिनं बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाली, ‘उठून बसेन म्हणाल्या होत्या. नाही बसल्या.’

चारुदत्त घाटावरून परत आला, मग मी घरी आले. हे जिन्यात पायरीवर बसले होते. मंडळात जाऊन वकिलाच्या कागदांवर सह्या करून आले होते आणि किल्ली माझ्यापाशी.

‘किती वेळ!’ म्हणाले. ‘कधीचा बसलोय ताटकळत. मयताहून आलोय, घरात कशाला शिवता येत नाही. जा, आधी पाणी तापव.’

मी कुलूप काढलं. आत गेले आणि उंबऱ्यातून वळले.

‘पाणी कशाला?’ मी म्हटलं. ‘तुम्ही कुठे मयताला गेला होतात? तुम्ही कोर्टाचं काम करून आलात. कोर्टातून आल्यावर कुणी अंघोळ करतं का?’

‘मधू, तमाशा नको. शेजारी ऐकतायत.’

‘ऐकू देत. मी चाललेय न्हायला. माझी काकू गेलीय.’

दार लावलं आणि कडी घातली. ह्यांनी थोडा वेळ दारावर थापा मारल्या, मग थांबले. मी न्हाणीघरात पाणी तापत ठेवलं. बाहेर जिन्यात ह्यांचा फोन एकसारखा टिंग टिंग वाजत होता. ग्रुपवर सगळे ह्यांना हात जोडत होते.