गंगाधरचा मंगळवार

हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाई, लेकींना न्हाई. देवापुढं बसूनसुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटले न्हाई. तुमाला सांगते. तुमी मला ओळखत न्हाई, म्हणून जमतंय असंल —

गेवराईत माझं सासर. निजामाचं राज्य, सरकारी मदरशात सगळं उर्दू. देवळामागं मात्र एक संस्कृत पाठशाळा होती, मूठभर पोरांची. "विद्या फुकट," गुरुजी सांगायचे, आणि लांबलांबच्या आया पोरं आणून सोडायच्या. फुकटच होती की. फक्त पोरानं जेवणाचे वार लावून घ्यायचे — सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. वार सुटला की त्या दिवशी उपास. वर गुरुजींची गाय, पाणी, लाकडं. आणि घरोघरच्या बायकांची मर्जी सांभाळायची, ती वेगळीच. ही किंमत कोणत्या आईला आधी कुणी सांगितली असंल?

गंगाधर लिंबागणेशचा. बाप न्हाई, आई लोकांची दळणं दळायची. त्याचा मंगळवार आमच्याकडं. तो ओसरीवर पानावर बसायचा, मी वाढायची. नवी सून मी, त्याच्याहून थोडीच मोठी. सासूबाई दोन भाकरी काढून ठेवायच्या. वाढत्या अंगाला त्या कुठं पुरणार? मला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तर —

मी सौदा केला. एक अक्षर दाखव, चतकोर भाकरी जास्त घे. मायेनं दिली, असं वाटलं ना तुमाला? मलाही लई वर्षं तसंच वाटायचं. पोर भुकेलं हाय हे बघून मी भाव ठरवला होता. पाण्यात बोट बुडवून तो पानाशेजारी अक्षर काढायचा, मी त्याखाली तसंच काढायची, सासूबाई यायच्या आत दोन्ही वाळून जायची. हसरा होता. "वहिनी, तुमचा ळ म्हणजे नुसती जिलबी हाय," म्हणायचा. न्हाईतर, "आज जोडाक्षर हाय. अर्धी भाकरी लागंल."

तो गेला की मी चुलीपुढच्या राखेत गिरवायची. एकदा पुसायचं राहिलं.

"हे कुणी काढलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

बाई शिकली की तिचा नवरा जगत न्हाई, असं मानणारं घर ते. मी काढलं म्हणाले असते, तर काय झालं असतं? मार बसला असता. फार तर माहेरी धाडलं असतं.

मी म्हणाले, "गंगाधरनं."

एवढंच. पण राख चुलीपुढची — म्हणजे पोरगं ओवळ्यानं सोवळ्याच्या चुलीपाशी गेलं. बोलताना मला हे कळलं न्हाई, असं लिहावंसं वाटतंय. कळलं होतं.

मंगळवारी तो आला. सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवला. "चुलीपाशी गेलतास का रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पदर ओढून खाली बघत उभी. त्याला काय ते कळलं.

"गेलतो," म्हणाला.

तो पोरगा खोटं बोलला, माझ्यासाठी. मी त्याच्यासाठी खरं बोलले न्हाई.

सासूबाईंनी विहिरीवर सांगितलं, आणि बाकीची घरंही एकेक करून बंद झाली. गुरुजी म्हणाले, "विद्येला मी न्हाई म्हणतो का? पण हा खाणार काय?" मग त्याची आई न्यायला आली. दोघं आमच्या दारावरूनच गेली. तिचं आपलं एकच चाललं होतं — "फुकट म्हणले होते की रे. मग तुझं काय कमी पडलं?" तो तिच्या पुढं चालत राहिला. मी दाराआड होते. पुढं त्याचं काय झालं, मी कुणाला विचारलं न्हाई. लिंबागणेश काय विलायतेत होतं?

अक्षरं माझ्याजवळ राहिली. पुड्यांचे कागद वाचले, मग पोथ्या. आता मी पोथी वाचते, बाया पाया पडतात. आपली आपण शिकली म्हणतात. मी मान खाली घालते, त्यांना तो माझा विनय वाटतो.

काल नातसुनेनं विचारलं, "आजी, तुमाला अक्षरं कुणी शिकवली हो?"

मी चुलीत लाकूड सारलं. म्हणाले, "कुणी न्हाई."