घाटावरचे हळदीकुंकू

२० जानेवारी २०२५, सोमवार. थंडी बरीच. सकाळी अकरा ते एक पंचवटीत घाटावर हळदीकुंकू. वाण : पायपुसणे.

नोंद चुकलेली नाही. आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाने यंदा संक्रांतीचे हळदीकुंकू बेघर बायकांसाठी केले, आणि अध्यक्षा मंजुषाला पायपुसणी घाऊक भावात मिळाली. मी विधवा, त्यामुळे कुंकवाच्या ताटाऐवजी मला नावांची यादी देऊन खुर्चीवर बसवले. तुमचे अक्षर वळणदार आहे, असे कारण सांगितले. शाळेत नन्सनी ते फार कष्टाने वळवले होते.

रांगेत पहिली कुसाबाई. चांदवडकडची. लासलगावला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर तीस वर्षे कांदा निवडला, तिथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, चांगल्या कांद्यात सडका जाऊ लागला, तशी मुकादमाने तिला घरी जायला सांगितले. घर नव्हते, म्हणून ती घाटावर आली. आता गुडघ्यावर कापसाच्या वाती वळून विकते. ते काम चाचपून जमते.

"यजमान आहेत ना?" मंजुषाने कुंकवाचे बोट हवेत धरून विचारले.

"व्हता. वीस वर्सं झाली, कुठं निघून गेला."

"म्हणजे... हयात आहेत?"

"मला काय ठाव? तुमाला घावला तर इचारा."

मंडळाच्या नियमावलीत याची सोय नव्हती. मंजुषाने बाजूला जाऊन सासूबाईंना फोन लावला. निकाल आला : खात्रीची बातमी येईपर्यंत सवाष्णच धरावे. मग कुसाबाईला कुंकू लागले, तिळगूळ मिळाला आणि वर 'सुस्वागतम्' लिहिलेले पायपुसणे.

"हे टाकू कुठं, बाई? दार कुठंय मला?"

"मावशी, कॅमेऱ्याकडे बघून हसा."

कुसाबाई हसली, कॅमेऱ्याच्या उलट दिशेला. मग कमरेच्या पिशवीतून तिने एक घडी घातलेला फॉर्म काढला. "हे बघा की कुनीतरी. परवा बुधवारी फुकटात डोळं करत्यात. नातेवाइकाची सही पायजे, अन् आठ दिस ऱ्हायाचा पत्ता. नायतर माझा नंबर दुसरीला देनार. डोळं आलं का परत खळ्यावर घेतो म्हनलाय मुकादम."

फॉर्म हातोहात फिरला. सचिव म्हणाल्या, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. बैठक फेब्रुवारीत. एकीने विचारले, त्यापेक्षा तुम्हाला दोन पायपुसणी देऊ का? मंजुषा म्हणाली, "मावशी, आमचं मंडळ कागदपत्रांत पडत नाही हो," आणि वाऱ्याने उलटलेला, 'आपुलकी' असे कार्यक्रमाचे नाव लिहिलेला फलक सरळ करायला गेली. पेन माझ्याकडे होते, म्हणून फॉर्म शेवटी माझ्यापुढे आला.

मी पत्ता लिहिला, सही केली. नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिले आणि तिला वाचून दाखवले.

"बहीण?" कुसाबाई म्हणाली. "मंग चालंल. फक्त मेहुना कुठंय म्हनून मला इचारू नका."

"काकू, हे मंडळातर्फे नाही हं!" मंजुषाने दुरूनच सांगितले. मग जवळ येऊन हळू आवाजात विचारले, "पण एक फोटो घेऊ या का?"

फोटो घेऊ दिला नाही.

संध्याकाळची नोंद : मागच्या खोलीतल्या पलंगावरचे रद्दीचे गठ्ठे खाली उतरवले. पलंगाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली वीट लावली.