कानबाईची टिकटिक

मी एकदा कानबाईला बॉम्ब समजले होते. नुसतं मनात समजले असते तर झाकून तरी गेलं असतं... पण मी भर गाडीत उभं राहून तसं जाहीर केलं, आणि चाळीसेक माणसं रस्त्यावर उतरवली. नातवाने मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलंय, तेव्हा म्हटलं इथे सगळे आपापले अनुभव लिहितात, आपलाही लिहून टाकू. हसायचं असेल तर हसा, मी स्वतः रोज हसते.

आधीच सांगते, भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात कुणी दारावर लिंबू-मिरची बांधली तर मी मिरच्या सोडवून फोडणीत टाकायची. देवाला नमस्कार करायची, पण ओळखीच्या मोठ्या माणसाला करावा तसा — त्यापलीकडे आमचं काही बोलणं नव्हतं.

विश्वास होता तो टीव्हीवर.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. लग्न होऊन मी धुळ्यात आले होते, आणि आमच्या कॉलनीत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही असलेली दोनच घरं, त्यातलं एक आमचं. दर गुरुवारी रात्री एक मालिका लागायची. पोलिसांतला एक इन्स्पेक्टर, काम काय तर सापडलेले बॉम्ब निकामी करणं. मिशा अशा की बॉम्बनेच घाबरावं. एका गुडघ्यावर बसायचा, कपाळावरून घामाचा एकच थेंब ओघळायचा, आणि मागे टिक... टिक... टिक. लाल वायर कापू की हिरवी? आमच्या टीव्हीत दोन्ही करड्याच दिसायच्या, तरी आम्ही बायका सतरंजीवर बसून 'लाल, लाल' म्हणून त्याला सांगायचो. कॉलनीत त्याचं नावच पडलं होतं — वायरवाले भाऊजी. सुरुवातीला तो नेहमी तेच वाक्य म्हणायचा, "कोणी घाबरू नका, फक्त मागे व्हा." आमचे हे म्हणायचे, "नवऱ्याचं एक ऐकत नाही, आणि त्याने मागे व्हा म्हटलं की भिंतीला टेकून बसते."

त्या आठवड्यात तर मालिकेने जीवच टांगणीला लावला. एका बसमध्ये सीटखाली बेवारस बॅग. भाऊजींनी चेनला हात घातला... आणि भाग संपला. आता थेट पुढचा गुरुवार.

मधे रविवार आला, कानबाईचा. इतरांसाठी थोडक्यात सांगते. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाचीच देवी — त्याला नथ घालायची, डोळे-कुंकू लावायचं, चौरंगावर बसवायचं, रात्री गाणी म्हणायची, आणि सोमवारी नाचत-गात नदीवर न्यायचं. काही घरांत तोच नारळ पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात. माझं माहेर धरणगावचं, आणि कानबाईला मी गेले नाही असं वर्ष नव्हतं. ह्यांनी मला सकाळी धुळे स्टँडवर जळगावच्या गाडीत बसवून दिलं.

अमळनेरला गाडी बरीच रिकामी झाली आणि परत भरली. मला वारा हवा होता, म्हणून मी मागच्या सीटवर खिडकीशी जाऊन बसले. गाडी सुटली. गावाबाहेर पडलो, कपाशीची शेतं सुरू झाली, आणि मला ऐकू आलं.

टक... टक... टक.

खालून, सीटखालून. मी वाकून पाहिलं. खाकी कापडाची पिशवी, तोंड सुतळीने आवळलेलं. शेजारच्या बाईला विचारलं, "ही तुमची?" ती नाही म्हणाली. पुढच्या सीटवाल्यांना विचारलं, तेही नाही म्हणाले. शेजारणीला म्हटलं, "आवाज येतोय का?" तिने कान दिला आणि म्हणाली, "गाडीचाच खडखडाट शे तो, माय." पण मी वर्षभर दर गुरुवारी टिकटिक ऐकत होते. खडखडाट कुठला आणि टिकटिक कुठली, मला कळत नव्हतं थोडंच.

आता ऐका पराक्रम. शहाण्या बाईने कंडक्टरला हळूच बोलावलं असतं. मी काय केलं... मधल्या जागेत एका गुडघ्यावर बसले. साडीत. पर्समध्ये नेलकटर होता तो काढून हातात धरला, वायर कापायची वेळ आलीच तर असावा म्हणून. मग उठले, आणि भाऊजींच्याच सुरात सगळ्या गाडीला म्हणाले,

"कोणी घाबरू नका, फक्त मागे व्हा. बॉम्ब आहे."

मागे कोण होतंय. सगळे पुढे पळाले. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला, आणि माणसं, गाठोडी, टोपल्या असं सगळं दारातून एकदमच खाली सांडलं.

गाडी रस्त्याकडेला उभी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टर तरुण होता, तापला होता. मला म्हणाला, "ताई, काही नसलं ना, तर धुळ्यापर्यंत मागे चालत पाठवीन." आणि तरातरा वर चढला. आम्ही खिडक्यांखाली गोळा झालो. वारा नाही, इंजिन नाही, माणसं श्वास रोखून उभी. आणि आतून अगदी स्वच्छ आवाज... टक. टक. टक. माझी शेजारीण, जी मघाशी खडखडाट म्हणाली होती, ती माझा दंड धरून म्हणाली, "माय वं, खरंच शे की."

कंडक्टर चढला होता त्याच्या दुप्पट वेगाने उतरला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हलत्या गाडीत नारळातलं सुटलेलं खोबरं वाजलं असेल. वाजेल ना. पण उभ्या, बंद गाडीत?

गर्दीतून एक उंच म्हातारे पुढे आले. डोक्यावर टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पत्र्याची ट्रंक. "बाजूला व्हा. मी फौजेत होतो." झालं, सगळ्यांनी त्यांना फौजी नाना करून टाकलं. नानांनी पाहणी केली आणि हुकूम सोडला — पिशवी लांब बांबूला अडकवायची आणि समोरच्या शेतातल्या विहिरीत सोडायची. पाण्यात बॉम्ब मरतो. मी लगेच मान डोलावली, "हो, मालिकेतही बादलीत बुडवतात." म्हणजे बघा, आगीत तेलही मीच ओतलं.

बांबू मिळाला. नानांनी खिडकीतून तो आत घालून पिशवी अलगद बाहेर काढली — ते काम त्यांनी खरंच झकास केलं — आणि हात लांब ताणून विहिरीकडे निघाले. पिशवी बांबूच्या टोकाला, आम्ही मागे. एवढ्यात शेतमालक धावत आला आणि विहिरीपुढे आडवा उभा राहिला.

"ओ फौजीभाऊ, मनी विहीरमा बॉम्ब टाकशात, आनि मंग मी कपाशीले पानी काय तुमनी टोपीमाईन देऊ?"

"अरे, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"लोके ते खाले उतरेल शेतस. आते फक्त मनी विहीरनाच जीव धोकामा शे."

झाली जुंपली. नाना हुकूम देतायत, तो हलत नाही. नानांचे हात भरून आले, बांबू थरथरायला लागला, पिशवी विहिरीच्या काठावर झुलतेय. शेवटी कंडक्टरने शेतमालकाला कवेत धरून बाजूला ओढलं. नानांनी बांबू पाण्यावर धरला.

तेवढ्यात अमळनेरच्या बाजूने एका दूधवाल्याची मोटरसायकल आली. दोन्हीकडे कॅन, आणि दोन कॅनांच्या मधे लुगड्याचा काष्टा मारलेली एक सत्तरीची म्हातारी, दूधवाल्याचा शर्ट मुठीत धरून. गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली आणि धावत सुटली. काय धावली हो ती, मला आजही तसं धावता येणार नाही.

"नका टाका रे... नका टाका. मनी कानबाई शे ती."

नाना जागच्या जागी थिजले. अक्काने — सगळे तिला अक्का म्हणायला लागले — बांबू खाली ओढला, पिशवी छातीशी धरली आणि तिथेच बांधावर बसकण मारली.

आणि टकटक थांबली. तिने पिशवीला हात लावला त्या क्षणी. हे मी एकटीने नाही, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे ऐकू यायचं थांबलं, ते ऐकलं.

पाणी प्यायल्यावर अक्काने सांगितलं ते असं. अमळनेरला ती पिशवी आमच्या गाडीत सीटखालीच ठेवून चहाला उतरली आणि परत येऊन भलत्याच गाडीत बसली. "बठ्ठ्या गाड्या लालच, मी काय करू?" ती गाडी चोपड्याची निघाली. वाटेत लक्षात आलं, रडत उतरली, दूधवाल्याला हात जोडले.

"अहो अक्का, पिशवी जळगावला डेपोत जमा झाली असती, उद्या मिळाली असती," कंडक्टर समजुतीने म्हणाला.

"उद्या काय कामनं, भाऊ?" अक्का म्हणाली. तिला दोन मुलगे. मोठा धुळ्यात, धाकटा धरणगावात. कानबाई कुणाच्या घरी बसवायची यावरून भांडले, आणि तेव्हापासून ती कुणाच्याच घरी बसली नाही. आजेसासूच्या वेळचा तो नारळ इतकी वर्षं अक्काच्या पेटीत होता. औंदा महामुश्किलीने दोघांनी कबूल केलं होतं, धाकट्याकडे बसू दे, मोठा संध्याकाळी बायकापोरांना घेऊन येईल. "आज कानबाई बठनी नही, ते मोठा म्हनी, धाकलानी मुद्दाम हरपाडी. मंग ते दोन्ही मनं मरन व्हस तवलगून एकमेकास्नं तोंड नही पाहातीन."

म्हणजे धाकट्यानेच ती मुद्दाम हरवली असं मोठा धरून बसणार, आणि अक्का मरेपर्यंत दोघं एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत. नानांनी बांबू हळूच गवतात ठेवला. आणि मी नेलकटर पर्समध्ये.

अक्काने सुतळी सोडली. आत लाल फडक्यात नारळ, एक खण, नथीची छोटी डबी, हळदीकुंकवाची पुडी. बस्स. घड्याळ नाही, काही चावीचं नाही. कंडक्टर चप्पल काढून पुढे आला, म्हणाला, "अक्का, एकदा हलवून पाहू का?" तिने दिला. त्याने कानाशी धरून हलवला. मी हलवला. नानांनी हलवला. आत काही म्हणजे काही वाजेना. डबीतली नथसुद्धा कापसात गच्च बसवलेली.

मग त्या कंडक्टरने जे केलं त्यासाठी मी त्याला जन्मभर दुवा देते. तो म्हणाला, "चला, कानबाईला उशीर होतोय." अक्काला पहिल्या सीटवर बसवलं. शेतमालकाने विहिरीपाशी लावलेली झेंडूची फुलं ओंजळभर तोडून आणली, म्हणाला, "मनी विहीर वाचनी, तिले वाह्यजा." गाडी सुटली आणि बायकांनी गाणी सुरू केली, ती धरणगावचा स्टँड येईपर्यंत थांबली नाहीत. पुरुष सीटच्या पत्र्यावर ताल धरत होते. कुणी मला चिडवेना, यानेच मला जास्त लाज वाटली. मग शेजारीण म्हणाली, "बॉम्बवाली बाई, तुम्ही बी म्हना ना एखादं," आणि सगळी गाडी हसली, तेव्हा कुठे मोकळं वाटलं.

संध्याकाळी मी अक्काकडे डोकावले. कानबाई नथ घालून चौरंगावर बसलेली, आणि दोन भाऊ समया कुठे ठेवायच्या यावरून हुज्जत घालत होते — पण हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. सोमवारी नदीवर जाताना दोघे असे नाचले की मोठ्याचं धोतर सुटलं. फौजी नाना आपली ट्रंक घेऊन हजर होते. ट्रंकेतून निघालं क्लॅरिनेट. नाना फौजेत होते हे खरं, पण बँडमध्ये. बॉम्ब त्यांनीही आमच्यासारखा टीव्हीवरच पाहिला होता.

धुळ्याला परतल्यावर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना महिनाभर पुरवून पुरवून सांगितलं. गुरुवारी मालिका लागली. भाऊजींनी चेन उघडली, आत घड्याळ आणि वायरी. हे म्हणाले, "छे, तुझी पिशवी जास्त भारी होती."

खुलासे पुष्कळांनी केले. मुलगा इंजिनिअर, तो म्हणतो ऊन लागून नारळाचं कवच तडकत असेल. पण एकही तडा नव्हता, मी स्वतः फिरवून फिरवून पाहिला होता. कुणी म्हणालं आत भुंगा असेल. मग अक्काच्या हातात तो गप्प कसा बसला, आणि भोक कुठे होतं? नातू म्हणतो, आजी, एकाने ऐकलं की सगळ्यांना ऐकू येतं. असेल बाबा. पण तो तापलेला कंडक्टर मला खोटं पाडायलाच वर चढला होता. मी तर एकदा सुका नारळ उशीखाली घेऊन झोपले. मान तेवढी आखडली, ऐकू काही आलं नाही. आजतागायत मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

एकच प्रश्न मी त्या सोमवारी नदीकाठी अक्काला विचारला होता. कानबाईला न्हाऊ घालून ती ओल्या पदराने नारळ पुसत होती. मी म्हटलं, अक्का, गाडी चालू असताना शेजारी बसलेल्या बाईलाही आवाज आला नाही, मला एकटीलाच का आला? अक्काने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नारळ पदराखाली घेतला आणि म्हणाली,

"माय, गाडीमा शहाना लोके खूप व्हतात. पन शहाना मानूस आवाज आयकीसन बी गप बठस. कानबाईले बोंब मारनारी पाह्यजे व्हती, ती तू सापडनी."